वी ताईसाठी घडीचा लॅपटॉप

चाळीस वर्षं कुजबुजून पोट भरणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी ती आहे. संगीत नाटकाच्या मंडळीत मी प्रॉम्प्टर. विंगेत बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि नट अडला की त्याचं वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचवायचं. पहिल्या रांगेपर्यंत पोचलं तर शिव्या खायच्या. माझं नाव थोम, पण सगळे साऊ म्हणतात. साऊ म्हणजे सहा. आमच्या दक्षिणेत, मेकाँगच्या काठी, पोरांना आकड्यांनीच हाक मारतात आणि म्हातारपणीही तो आकडा सुटत नाही.

मंडळी लहानशीच. अकरा माणसं, एक बोट, एक खटारा व्हॅन आणि पडद्यांचे सहा गठ्ठे. नवं वर्ष झालं की मेकाँगच्या कालव्यांवरच्या गावांत गावदेवाच्या जत्रा लागतात आणि मग चौथ्या महिन्यापर्यंत आम्ही घराचं तोंड बघत नाही. आज या देवळापुढे, परवा त्या. मालक हियेन. मंडळी त्याच्या बापाने काढली, तो चालवतो. आमचं हुकमी नाटक म्हणजे नदीकाठी मुलाची वाट बघत बसलेल्या आईचं. त्यात मुलाचं काम हियेन स्वतः करतो आणि आईचं काम करते लान वी. माझी वी ताई.

ताई एकाहत्तर वर्षांची. गेल्या हंगामात ती तीनदा अडली. दोनदा निभावलं. तिसऱ्यांदा विन लाँगकडच्या एका देवळात ती गाण्याच्या तोंडाशी येऊन नुसती उभी राहिली. वादकांनी सुरुवात चारदा वाजवली. मी विंगेतून ओळ सांगत होते, आधी हळू, मग इतकी जोरात की नारळवालीने वळून पाहिलं. पण ताईचा उजवा कान केव्हाच गेला होता आणि डाव्यातल्या यंत्रातून तिला फक्त ढोल आणि गिटार ऐकू येतात. कानात बसवून माझी कुजबुज ऐकवणारं नव्या पद्धतीचं यंत्रही लावून पाहिलं. ती म्हणाली, "साऊ, डोक्यात कोणीतरी भांडी घासतंय असं वाटतं." काढून ठेवलं.

हियेन वाईट माणूस नाही. त्याने मला बाजूला घेतलं.

"साऊ मावशी, गावकरी पुढचा खेळ आताच ठरवायला येतात. त्यांना मी काय सांगू? नव्या वर्षी पहिल्या जत्रेला बघतो. पुन्हा अडल्या, तर आईचं काम सूनबाई करणाऱ्या ओआनला."

"आणि ताई?"

"त्यांचा पुतण्या आहे ना बिन्ह जुऊंगला. देतो म्हणतोय तो खोली."

पुतण्याची खोली मी पाहिली आहे. कारखान्याच्या मागची, खिडकीतून भिंत दिसणारी. जिने पन्नास वर्षं टाळ्या ऐकल्या ती बाई तिथे बसून काय करणार, पाळी सुटल्यावर येणाऱ्या सायकली मोजणार? माझं डोकंच फिरलं. मी ठरवलं, ताईला ऐकू येत नसेल तर दिसेल असं काहीतरी करायचं. विंगेतून, प्रेक्षकांना न दिसता, मोठ्या अक्षरात.

म्हणून पावसाळाभर मी माझ्या सगळ्या वह्या टाईप करून घेतल्या, अर्ध्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर एका बोटाने, अर्ध्या पैसे देऊन. आणि वर्षअखेरीला कान थोच्या बाजारात लॅपटॉप घ्यायला गेले. ताईला बरोबर घेतलं. तिला सांगितलं की माझे डोळे गेले, वहीतलं दिसत नाही.

"तुझे डोळे जायला तू म्हातारी कधी झालीस ग?" ती म्हणाली. "कालपर्यंत तर माझ्या भुवयांतला पांढरा केस तुलाच आधी दिसायचा."

दुकानात क्वेन नावाची चुणचुणीत पोरगी होती.

"मावशी, नातवाला गेम खेळायला हवाय का?"

"नातू नाही मला. मलाच हवाय."

"बरं. काय काय करणार त्याच्यावर?"

"नाटक वाचणार. नाटक सुधारणार. जत्रेच्या पंचांना फोटो दाखवणार. वादक तापाने पडला की त्याचं वाजवलेलं लावणार. आणि रविवारी लेकीचं तोंड बघणार."

"म्हणजे सगळंच."

"आणि चार महिने रोज नव्या गावात. कधी बोट, कधी मोटरसायकल, कधी डोक्यावर."

पोरीने तीन यंत्रं पुढे मांडली. एकाचा पडदा कीबोर्डपासून सुटायचा. मागे पाटीसारखा पाय काढून उभा राहायचा, दिसायला झकास. मी तो लाकडी स्टुलावर ठेवला आणि स्टूल जरा हलवलं. पाटी तोंडावर पडली. आमची स्टेजं बांबूची असतात, मारामारीच्या प्रवेशात विंगेतले डबेसुद्धा नाचतात. हा पहिल्या अंकातच जीव देईल. दुसरं मोठं होतं, पडदा ताटाएवढा, अक्षर बघून जीव सुखावला. उचललं तर तांदळाची पिशवी. तिसऱ्याचं झाकण मागे मागे जायचं, पार पाठीला पाठ लागेपर्यंत. अर्ध्यात थांबवलं की तंबूसारखं उभं राहायचं, उलटं टेकवलं की कीबोर्ड खाली आणि पडदा पुढे. वजन दीड किलोच्या आत. चार्जर फोनचाच चालतो, म्हणजे देवळातल्या कुठल्याही पोरीकडे मिळेल.

मी झाकण उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. वीसएक वेळा झाल्यावर क्वेन हसली.

"मावशी, दार नाही ते."

"दारच आहे. आणि आमच्याकडे दारं फार आपटतात."

"असं दुमडलं की कीबोर्ड आपोआप बंद होतो हं. मग बोटाने करायचं, नाहीतर पेनाने. पेन याच्या पोटातच आहे, बघा, हरवायची भीती नाही." तिने एक काडीएवढं पेन बाहेर ओढलं आणि पडद्यावर फूल काढलं. मला कौतुक वाटलं, पण पेनाचं काय करायचं ते तेव्हा सुचलं नाही.

"आता परीक्षा," मी म्हटलं. आईच्या प्रवेशातलं पहिलं भाषण मोठ्या अक्षरात लावलं, लॅपटॉप जमिनीवर तंबू करून ठेवला आणि ताईला बारा पावलं मागे, मोबाईलच्या कव्हरांपाशी उभं केलं. "ताई, दिसतंय का ग?"

ताईने नुसतं 'दिसतंय' म्हणावं की नाही? छे. तिने बाही सावरल्यासारखा हात केला, श्वास घेतला आणि पूर्ण आवाजात सुरू झाली. "नदीबाई, तू रोज इतक्या होड्या आणतेस, एक माझी का नाही आणत?" कव्हर घ्यायला आलेल्या एका काकांनी टाळ्या वाजवल्या. क्वेनचं तोंड उघडंच राहिलं. ताईने वाकून नमस्कार केला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दारातल्या उन्हाने चमकतंय. खेळ रात्रीचा असतो, पण दुपारचाही असतो की."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. क्वेनने पडद्यावर चमक कमी करणारी पातळ फिल्म चिकटवून देते म्हणून सांगितलं, तासभर लागेल म्हणाली, आणि आम्ही समोर घाटावर उसाचा रस प्यायला गेलो.

तो घाट बघून आमच्या दोघींच्याही डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली असणार. त्र्याऐंशी साली मी सतरा वर्षांची होते तेव्हा इथेच मंडळीची मोठी बोट लागली होती. माझी आई धक्क्यावर भाताचे वडे विकायची. मला लिहितावाचता येतं हे कळल्यावर हियेनच्या बापाने मला त्याच दिवशी बोटीवर घेतलं. आधीचा प्रॉम्प्टर पिऊन पाण्यात पडला होता. झोपायला जागा नव्हती. ताईने आपली कपड्यांची पेटी ओढली आणि म्हणाली, "हिच्यावर झोप. लोळलीस तर राणीचा मुकुट तुटेल, मग तुलाच राणी करू."

काय दिवस होते ते! बोट गावाच्या वळणावर आली की टपावर ढोल वाजायचा आणि दोन्ही काठांवरून माणसं पळत यायची. तिकिटाला पैसे नसतील तर बदक घेऊन यायची, तांदूळ घेऊन यायची. होड्या होड्यांना बांधून पाण्यावरच प्रेक्षक बसायचे. विंगेत मला कंदील, त्याला दुधाच्या डब्याच्या पत्र्याचं झाकण, उजेड फक्त वहीवर पडावा म्हणून. ताई तेव्हा तिशीची. तिने गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि तिचा शेवटचा सूर खाली टेकवला की होड्या हलायच्या, इतक्या टाळ्या. तिला ओळ हवी असली की ती तीन पावलं माझ्या बाजूला यायची आणि पंखा मिटायची. मी सांगायचे. ती असं वळायची जणू ते आत्ताच मनात आलंय. लोक म्हणायचे, लान वी काय बोलते! आणि मला कंदिलाच्या धुरातही गुदगुल्या व्हायच्या.

"साऊ," रस पिताना ताई म्हणाली, "मला एक सांग. ती ओआन बरी करते का ग आई?"

"ओआन आई करते की बँकेत फॉर्म भरते तेच कळत नाही."

ती खो खो हसली, रस नाकात गेला. मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "मला बिन्ह जुऊंगला जायचं नाही."

एवढंच. ती कधी कोणाकडे काही मागत नाही. मी उगाच रसवालीवर बर्फावरून ओरडले.

पहिली जत्रा चा ऑनच्या पुढे, कालव्याच्या टोकाच्या गावात. खेळ दुपारी दोनचा. खेळाआधी आम्ही नेहमीप्रमाणे नटांच्या आदिपुरुषाच्या देव्हाऱ्याला उदबत्ती लावली. मी नवा लॅपटॉप फळांशेजारी ठेवला. हियेन हात जोडताजोडता म्हणाला, "साऊ मावशी, देवाला पासवर्ड सांगितलात ना?" सगळे हसले. पण त्याच्या कपाळावर घाम होता. पंच पहिल्या रांगेत बसले होते.

मी विंगेत ढोलाच्या पेटीवर लॅपटॉप उलटा टेकवला, कीबोर्ड खाली, पडदा स्टेजकडे. मी बाजूला पडद्याआड, बोटाने ओळी वर सरकवायला. पहिला अंक लोण्यासारखा गेला. ताई एकदोनदा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची, वाक्य उचलायची आणि पुढे. बांबू नाचले, लॅपटॉप ढळला नाही. मी मनातल्या मनात क्वेनला आशीर्वाद दिले.

मग दुसरा अंक. वीस वर्षांनी मुलगा परत येतो. तो आता मोठा साहेब झालाय आणि आईला तोंड दाखवायची त्याला लाज वाटतेय, म्हणून लांबच गुडघे टेकतो. आईने उठायचं, दोन वाक्यं बोलायची आणि गाणं उचलायचं. हियेन गुडघ्यावर बसला. म्हणाला, "आई, ओळखलंस का?"

ताई उठली. आणि उभी राहिली.

पडद्यावर वाक्य होतं. मोठं, ठसठशीत. ती त्याच्याकडे बघत होती. पण तिने तीन पावलं टाकली नाहीत, पंखा मिटला नाही. पंखा हातात आहे हेच ती विसरली होती. नट वाक्य विसरतो तेव्हा कसा दिसतो ते मी चाळीस वर्षं पाहिलंय. त्याचे डोळे शोधत असतात. ताईचे डोळे काही शोधत नव्हते. जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरासारखी ती उभी होती.

वादकांनी सुरुवात वाजवली. पुन्हा वाजवली. हियेनने गुडघ्यावरूनच दुसऱ्यांदा विचारलं, "आई, ओळखलंस का?" पंचांपैकी एकजण शेजारच्याच्या कानाला लागला. मी बोटाने अक्षर आणखी मोठं केलं. काही नाही. कुजबुजून उपयोग नव्हता, टाईप करायची सोय नव्हती. मला नाटकाची पर्वा उरली नाही. खरं सांगते, मला हंगामाची, हियेनची, कोणाचीच पर्वा उरली नाही. ताई तिथे एकटी घाबरली होती आणि मी दहा हातांवर होते, इतकंच मला कळत होतं. मी लॅपटॉप मांडीवर ओढला, पेन उपसलं आणि त्या छापील ओळींवरून आडवंतिडवं लिहिलं:

घाबरू नकोस. मी इथेच आहे. हळूहळू ये.

म्हणजे विंगेत ये. माझ्याकडे ये. बाकीचं मी बघते. आणि पडदा तिच्याकडे फिरवला.

ताईने वाचलं. तिचे ओठ हलले. मग तिचा चेहरा असा सैल झाला, जसा तिशीत व्हायचा. ती हियेनकडे वळली. तो तिथे लांब, मान खाली घालून गुडघ्यावर बसलेला. आणि ती सगळ्या स्टेजभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"घाबरू नकोस."

हियेनने दचकून मान वर केली. हे वाक्य नाटकात नाही.

"मी इथेच आहे," ताई म्हणाली. एक हात पुढे केला. "हळूहळू ये."

हियेन पंचेचाळीस वर्षांचा गडी, दीड हजार वेळा त्याने हा प्रवेश केला असेल. तो उठलाच नाही. तो गुडघ्यांवरच सरकत सरकत तिच्यापर्यंत आला आणि तिच्या पोटाशी डोकं टेकवून खरोखरीचा रडला. वादकांना राहवलं नाही, त्यांनी सूर धरला. आणि सूर कानात पडल्याबरोबर ताईने गाणं उचललं, पहिल्या ओळीपासून, एकही शब्द न चुकता. शेवटचा सूर टेकला तेव्हा पहिल्या रांगेतले पंच उठून टाळ्या वाजवत होते.

मी पडद्याआड बसून होते. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं पोचवली. माझं स्वतःचं एक वाक्य स्टेजवर गेलं ते आज, तेही चुकून. मला रडू यावं की हसू ते कळेना, दोन्ही आलं.

खेळ संपल्यावर हियेन रंगपटात आला. डोळे अजून लाल.

"मावशी, ही वाक्यं कुठून काढलीत? कोणालाही सांगू नका, मी पार वाहून गेलो. ही ठेवायची. पुढच्या प्रत्येक गावात ठेवायची. आणि ओआनला राहू दे सूनबाईच."

ताई खोबरेल तेलाने तोंड पुसत होती. "बरं," म्हणाली. तो गेला. मी तिच्या मागे बसून केसांतले आकडे काढायला लागले. आरशात ती माझ्याकडे बघत नव्हती.

"साऊ, मी ती वाक्यं त्याला म्हटलीच नाहीत."

"मग?"

"मला काहीच कळत नव्हतं ग. हे कुठलं गाव, कुठलं नाटक. समोर गुडघ्यावर बसलेला माणूस कोण, आणि मी कोण. त्या पाटीवर अक्षरं होती, पण ती कोणाचीच नव्हती. भिंतीवरच्या जाहिरातीसारखी. मग मध्येच तुझं अक्षर आलं. वाकडंतिकडं. म्हटलं, ही साऊ. साऊ जे लिहिते ते आपण मोठ्याने म्हणायचं असतं, एवढं मला आठवत होतं. म्हणून म्हटलं."

माझे हात तिच्या केसांत तसेच थांबले. ताईला तिशीपर्यंत अक्षर येत नव्हतं. सगळी कामं तिने कानाने पाठ केली होती. बोटीवर, कपड्यांच्या पेटीवर बसून, माझ्या वहीवरच्या ओळींवर बोट ठेवत ठेवत ती वाचायला शिकली. हे मंडळीत कोणालाच माहीत नाही. मीच विसरले होते. आणि पावसाळाभर कष्ट करून मी नेमकं तेच अक्षर पुसून, कोणाचंही नसलेलं छापील अक्षर तिच्यापुढे नेऊन ठेवलं होतं. केवढी शहाणी मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पुढच्या गावाला निघाली. मी टपाच्या सावलीत बसले, लॅपटॉप पार दुमडून पाटीसारखा मांडीवर घेतला, पेन काढलं आणि आईच्या गाण्यापासून नाटक हाताने लिहायला घेतलं. एकशेबेचाळीस पानं आहेत. पुढची जत्रा चार दिवसांवर. बोट हलते, अक्षर आणखी वाकडं येतं. येऊ दे.

ताई शेजारी येऊन बसली. बराच वेळ तिने बघितलं. मग एका ओळीवर बोट ठेवून हळूहळू, एकेक शब्द लावत वाचायला लागली. काल जे अख्खं गाणं तिने न चुकता म्हटलं त्यातलीच ती ओळ होती. अर्ध्यावर ती अडली.

मी तिला पुढचा शब्द सांगितला नाही. पेनाने पुन्हा लिहिला, मोठा, आणि थांबले.